बोट हललं; हलवलं कुणी?

जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीने आपली चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली. दोनेक महिन्यांत, मानेखालचं शरीर लुळं पडलेला एक तरुण केवळ विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळताना जगाने पाहिला. तेव्हापासून मेंदूतल्या चिपची बातमी अधूनमधून डोकं वर काढते आणि ती वाचून बऱ्याच जणांच्या मनात एक उलटा प्रश्न येतो. मेंदू म्हणतो ते यंत्राला कळतं, मग यंत्र म्हणेल ते मेंदू ऐकेल का? बाहेरून कुणी माझा हात हलवू शकेल का?

हलवू शकेल. गेली चाळीस वर्षं प्रयोगशाळांमध्ये ते रोज चालू आहे, आणि त्याला चिप लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, सुईसुद्धा लागत नाही.

माणूस खुर्चीत बसतो, हात मांडीवर सैल सोडतो. टाळूपासून कानाकडे चार-पाच सेंटिमीटर अंतरावर, डोक्याच्या डाव्या बाजूला, वायरचं एक वेटोळं टेकवतात. 'टक्' असा आवाज होतो आणि उजवा अंगठा टुणकन उडतो. ज्याचा अंगठा आहे तोच त्याच्याकडे बघत राहतो, कारण त्याने काहीच केलेलं नसतं.

या तंत्राचं नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीपलीकडून चुंबकाने मेंदूला दिलेला धक्का. सगळे त्याला टीएमएस म्हणतात. मी इथे त्या एका धक्क्याला 'टिचकी' म्हणणार आहे. का ते पुढे कळेलच.

मेंदू हालचाल सुरू कशी करतो, हे शोधायला या टिचकीचा वापर झाला. मला विचाराल तर तिने दाखवलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे: मेंदू हालचाल किती आवरून धरतो.

बोटापर्यंतचा रस्ता

एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून हेअरबँड लावला, तर साधारण त्याच्या खाली मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टा येतो. त्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. आपण नुसतं 'पट्टा' म्हणू. डाव्या पट्ट्याकडे उजवं अंग आणि उजव्याकडे डावं, कारण इथून खाली उतरणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. दर बाजूला असे साधारण दहा लाख तंतू.

निरोप दोन टप्प्यांत जातो. पट्ट्यातल्या पेशीचा लांबलचक तंतू मज्जारज्जूपर्यंत येतो. तिथे दुसरी पेशी निरोप घेते, कधी थेट, कधी मधल्या पेशींच्या मार्फत, आणि तो स्नायूपर्यंत नेते. पट्ट्यापासून हाताच्या बोटापर्यंत या सगळ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पापणी एकदा लवेपर्यंत असे पाच निरोप तरी पोचले असते.

पट्ट्यावर शरीराचा नकाशा आहे, हे आधी ओळखलं गेलं ते आकडीच्या रुग्णांमुळे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांच्या लक्षात आलं की काहींचे झटके अंगठ्यापासून सुरू होऊन हात, दंड, चेहरा असे ठरावीक क्रमाने सरकतात. म्हणजे मेंदूतही हे अवयव शेजारी-शेजारी मांडलेले असणार. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला हलका विद्युत्प्रवाह देऊन त्याचे पाय हलवून दाखवले. चारच वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका डॉक्टरने हाच उद्योग माणसावर केला. कवटीला जखमेने भोक पडलेल्या एका बाईच्या मेंदूत त्याने तारा घातल्या. तिचे हातपाय हलले, मग तिला झटका आला, आणि काही दिवसांत ती गेली. त्यावर तेव्हाही संतापाची लाट उठली होती, हे सांगायला हवं. 'त्या काळी असंच असायचं' ही सबब इथे चालत नाही.

नीट नकाशा काढला तो माँट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांनी, १९३०च्या दशकापासून. आकडीवर शस्त्रक्रिया करताना ते रुग्णाला जागं ठेवत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे हे शक्य होतं. पट्ट्याला विद्युत्स्पर्श केला की रुग्णाचा हात हले, आणि रुग्ण सांगे की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. या एका वाक्यात हा सगळा विषय आहे. स्नायू तोच, तंतू तोच, हालचालही जवळपास तीच, तरी ती 'माझी' नाही.

कवटी न उघडता

निरोगी माणसाची कवटी प्रयोगासाठी कोण उघडणार? १९८० मध्ये इंग्लंडमधल्या मर्टन आणि मॉर्टन यांनी बाहेरूनच डोक्यावर जोरदार पण क्षणिक विजेचा झटका देऊन हात हलवला. जमलं, पण दुखायचं. कवटी विजेला अडवते, त्यामुळे बराचसा प्रवाह डोक्याच्या कातडीतूनच पळतो, आणि कातडीला वेदना चांगलीच कळते.

१९८५ मध्ये शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी वाट बदलली. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. वायर न लावता फोन चार्ज होतो तो याच तत्त्वावर: चकतीत एक वेटोळं, फोनमध्ये दुसरं, मध्ये नुसती हवा आणि प्लॅस्टिक. टीएमएसमध्ये चकतीच्या जागी डोक्यावरचं वेटोळं आणि फोनच्या जागी मेंदू. चुंबकीय क्षेत्र कवटीतून असं जातं जणू ती तिथे नाहीच, आणि पलीकडे मेंदूत छोटासा प्रवाह जागा करतं.

हे क्षेत्र दीड-दोन टेस्लाचं असतं, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचं, पण टिकतं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. 'चुंबक मेंदूवर काम करतो' असं आपण सैलपणे बोलतो. खरं काम वीजच करते. स्थिर चुंबक डोक्याला कितीही वेळ लावून बसलात तरी अंगठा हलणार नाही. चुंबकीय पट्ट्या आणि टोप्या विकणाऱ्यांना हा फरक ग्राहकाला कळू नये असंच वाटत असणार.

मडक्यावर टिचकी

मडकं घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर पक्कं, बद्द आला तर तडा. टिचकी मडक्यात काही घालत नाही, ती मडक्याला बोलतं करते.

टीएमएसचा सगळा उपयोग असा आहे. स्नायूवर दोन चकत्या चिकटवून त्यातली वीज मोजतात. या मोजणीला ईएमजी म्हणतात. टिचकीनंतर ईएमजीवर एक लाट उठते. लाट उंच असेल तर पट्ट्यापासून स्नायूपर्यंतचा रस्ता त्या क्षणी तयार होता, बुटकी असेल तर नव्हता. दहापैकी पाच वेळा पन्नास मायक्रोव्होल्टची लाट येईल इतका कमीत कमी जोर किती, हे आधी ठरवून घेतात. माणसागणिक तो वेगळा असतो, म्हणून पुढचा सगळा हिशोब ज्याच्या त्याच्या मापाने होतो.

आता गंमत बघा. टिचकीचा जोर तोच ठेवायचा आणि माणसाला सांगायचं, बोट अगदी हलकं दाबून धर. लाट एकदम कितीतरी मोठी होते. मग सांगायचं, दाबू नको, दाबतोयस अशी नुसती कल्पना कर. हात सैलच असतो, तरीही लाट वाढते. १९९५ मध्ये इटलीतल्या पार्मा इथल्या गटाने दाखवलं की समोरचा माणूस वस्तू उचलताना नुसतं पाहिलं, तरी पाहणाऱ्याच्या त्याच स्नायूंतली लाट वाढते. बाहेरून पाहणाऱ्याला या शेवटच्या दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात: हात मांडीवर, निवांत. आत मात्र रस्ता कमी-अधिक उघडत असतो.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रयोग: पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक सराव रोज दोन तास, पाच दिवस करायला दिला. त्या बोटांची पट्ट्यावरची जागा टिचकीने मोजली तर ती वाढलेली आढळली. ज्यांनी सराव फक्त मनात केला, त्यांचीसुद्धा. बोटांचं कसब मात्र मनातल्या सरावाने प्रत्यक्ष सरावाइतकं वाढलं नाही, त्यामुळे वाद्य विकायची घाई नको.

इंजिन चालू, पाय ब्रेकवर

आता मुख्य गोष्ट.

माणसाला मूठ आवळून धरायला सांगा आणि तशातच टिचकी मारा. हात उडतो, आणि लगेच ईएमजी सपाट होतो. तो आवळतोय, आवळायची इच्छाही आहे, पण सेकंदाचा दहावा भाग ते कधी तीन दशांश भाग स्नायू गप्प. या शांततेचा सुरुवातीचा तुकडा मज्जारज्जूमुळे असतो, उरलेला मेंदूच्या पट्ट्यातूनच येतो. टिचकीने हलवणाऱ्या पेशी जाग्या झाल्या तशा अडवणाऱ्या पेशीही जाग्या झाल्या, आणि अडवणाऱ्या जास्त वेळ जाग्या राहिल्या.

१९९३ मध्ये कुजिराई आणि सहकाऱ्यांनी जोडटिचकीची युक्ती काढली. आधी इतकी हलकी टिचकी की बोट हलतच नाही, आणि तिच्यामागून दोन-तीन हजारांश सेकंदांनी नेहमीची जोरदार. दोन टिचक्या म्हणजे लाट मोठी, असं आपल्याला वाटेल. उलट होतं: लाट बरीच खुजी होते. हलकी टिचकी आधी अडवणाऱ्या पेशींनाच जागं करते. दोन टिचक्यांमधलं अंतर दहा-पंधरा हजारांश केलं की तीच हलकी टिचकी लाट वाढवते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही औषधांनी मेंदूतला गाबा नावाचा शामक पदार्थ जास्त प्रभावी होतो. ती घेतल्यावर हे सुरुवातीचं अडवणं आणखी ठळक होतं. म्हणजे हा ब्रेक कुठल्या रसायनावर चालतो, तेही मडक्याने सांगितलं.

इतका ब्रेक कशाला? एक बोट एकटं हलवून बघा. शेजारचं थोडं तरी ओढलं जातंच, अनामिकेचं तर विचारूच नका. पट्ट्यावर बोटांच्या जागा एकमेकींवर चढलेल्या आहेत. एकाला जाऊ द्यायचं तर बाकीच्यांना धरून ठेवावं लागतं. लेखकाचा पेटका नावाचा एक विकार आहे: पेन हातात घेतलं की बोटं आपोआप आवळतात, वाकडी होतात, एरवी हात ठीक असतो. अशा रुग्णांमध्ये जोडटिचकीने मोजलेलं अडवणं कमी भरतं. स्नायू धडधाकट आहेत, कमी पडतंय ते आवरणं.

आता वाट पाहणं घ्या. 'दिवा लागला की उजवं बोट दाब' असं सांगितलं आहे, दिवा अजून लागलेला नाही. त्या प्रतीक्षेत उजव्या बोटाची लाट वाढेल असं कुणीही म्हणेल. ती कमी होते! जे बोट हलणार आहे तेच दाबून धरलेलं असतं. काहींच्या मते हे घाईने सुटू नये म्हणून, काहींच्या मते आजूबाजूचा गोंगाट कमी व्हावा म्हणून. हा वाद मिटलेला नाही. दिवा लागल्यानंतर, बोट हलायच्या साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाआधी, लाट झपाट्याने चढते आणि दुसऱ्या हाताची उतरते.

आणि ऐन वेळी 'थांब' म्हटलं तर? हात आवरायला सांगितलेला असतो, पण त्या क्षणी पायाच्या स्नायूंची लाटही खाली येते, ज्यांचा या खेळाशी संबंधच नव्हता. एखादा बल्ब मालवायचा म्हणून घाईत मेन स्विचच बंद करावा, तसं. घाईचं थांबणं मेंदू निवडून करत नाही, सरसकट करतो.

थांबवलेली हालचाल जाते कुठे?

मला या विषयातला सगळ्यात आवडता प्रयोग १९८९ सालचा, लंडनमधला. इशारा मिळाला की मनगट वळवायचं, इतकंच काम. इशाऱ्यानंतर पण मनगट वळायच्या आधी पट्ट्याला जोरदार टिचकी मारली. मनगट वळायला उशीर झाला, काही वेळा सेकंदाच्या सातव्या भागाइतका. पण वळलं तेव्हा अगदी ठरल्यासारखं वळलं: कोणता स्नायू आधी, कोणता नंतर, किती जोराने, काहीही बदललं नव्हतं.

म्हणजे टिचकीने दार थोडा वेळ बंद केलं, पण दाराशी आलेला निरोप फाटला नाही. तो दुसरीकडे कुठेतरी जपलेला होता आणि दार उघडताच आत आला. पट्टा हालचालीचा लेखक नाही, टपाल पुढे धाडणारा शेवटचा कारकून आहे. मजकूर लिहिणाऱ्यांत पट्ट्याच्या पुढचे भाग, मेंदूच्या वरच्या बाजूचा मागचा भाग, खोलवरचे पेशीपुंज आणि लहान मेंदू, असे बरेच जण असतात.

म्हणजे माझी इच्छाही कुणी हलवू शकेल?

ही शंका येणारच, आणि तिला आधार देणारे निकाल आहेत. १९९०च्या सुमाराला दोन गटांनी माणसांना सांगितलं की टिचकीचा आवाज आला की डावं किंवा उजवं, मनाला येईल ते बोट हलवा. टिचकी कुठल्या बाजूला मारली यावर निवड थोडी झुकलेली दिसली, आणि लोकांना वाटत होतं की निवड आपलीच आहे. पण हा कल अगदी झटपट दिलेल्या प्रतिसादांतच होता, आणि नंतरच्या एका प्रयोगात तो आढळलाच नाही. यावर 'मनावर ताबा' असे मथळे उभारणं म्हणजे वाऱ्याने पान हललं म्हणून वादळाची बातमी देण्यासारखं आहे.

२००९ मध्ये ल्यों इथे शस्त्रक्रियेदरम्यान सात रुग्णांवर झालेलं काम जास्त विचारात पाडणारं आहे. डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, पॅरायटल भागात, विद्युत्स्पर्श केला तेव्हा रुग्णांना हात किंवा ओठ हलवावेसे वाटले. जोर वाढवल्यावर त्यांना वाटलं की आपण हलवलेच, आणि स्नायू मात्र जागचे हलले नव्हते. पट्ट्याच्या पुढच्या भागाला स्पर्श केल्यावर बरोबर उलट: अवयव हलला आणि रुग्णाला पत्ताच नाही. हालचाल आणि 'मी हालचाल केली' ही भावना, या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी तयार होतात. एरवी त्या इतक्या एकत्र चालतात की एकच वाटतात.

दूरवरून, लपूनछपून कुणाचा हात हलवता येईल का? नाही. वेटोळं डोक्याला टेकवावं लागतं, ते दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल पोचत नाही, काही मिलिमीटर सरकलं तरी परिणाम बदलतो, आणि शेवटी मिळतं काय तर एक गचका.

याचा दवाखान्यात काय उपयोग?

पक्षाघातानंतर पहिल्या आठवड्यात घरच्यांचा एकच प्रश्न असतो: हात परत येईल का? हात पूर्ण लुळा दिसत असतानाही टिचकीने स्नायूत लाट उठली, तर रस्ता शाबूत आहे आणि हात बराच परत येण्याची आशा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी यावर उभारलेली अंदाजाची पद्धत वापरात आली आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये तंतूंवरचं वेष्टण झिजतं, तिथे लाट उशिरा येते आणि हा उशीर मोजता येतो.

थकवा स्नायूत असतो की मेंदूत, हे जुनं भांडणही असंच थोडं सुटलं. सर्व ताकदीने दाबून दाबून हात थकला, आता आणखी दाबवत नाही, अशा वेळी टिचकी मारली की हात किंचित जास्त जोर लावतो. म्हणजे स्नायूत जोर शिल्लक होता, वरून पुरता मागितला जात नव्हता. 'थकवा मनाचा असतो' म्हणणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. स्नायूही खरोखरच थकलेला असतो, हा त्यावरचा वेगळा हिस्सा आहे.

नैराश्यावर टीएमएसचा उपचार होतो, अमेरिकेत त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. पण तिथे पट्ट्याऐवजी कपाळामागच्या भागावर टिचक्यांची मालिका देतात, आणि उद्देश मेंदूची सवय बदलणं हा असतो. अशा मालिका पट्ट्यावर दिल्या की काहींची लाट वाढते, काहींची त्याच मालिकेने कमी होते. 'यंत्राने मेंदू तल्लख करून देऊ' अशी जाहिरात दिसली तर हे आठवावं.

धोका? एकेक टिचकी मारण्यात फारसा नाही. डोकेदुखी होऊ शकते, आवाजासाठी कानात बोळे घालतात, आकडी क्वचितच येते. ज्यांना आकडीचा त्रास आहे, डोक्यात धातू किंवा कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं श्रवणयंत्र आहे, हृदयात पेसमेकर आहे, त्यांना आधी गाळतात.

गचका म्हणजे हालचाल नव्हे

जाणकारांचा खरा आक्षेप हा आहे, आणि तो रास्त आहे. पेटीच्या सगळ्या पट्ट्यांवर तळहात आपटला तर आवाज येतो, त्याला कुणी गाणं म्हणत नाही. टिचकी हजारो पेशी एकदम दाबते, मेंदू असं कधीच करत नाही. मायकेल ग्राझियानो यांनी २००२ मध्ये माकडांच्या पट्ट्याला क्षणिक धक्क्याऐवजी अर्धा सेकंद प्रवाह दिला, तर गचक्याच्या जागी अर्थपूर्ण कृती दिसली: हात तोंडाशी गेला, बोटं मिटली, तोंड उघडलं. म्हणजे पट्ट्यात नुसती अवयवांची यादी नाही, वापरातल्या कृतीही आहेत.

पेनफील्ड यांचा नकाशाही आता दुरुस्त होतोय. २०२३ मध्ये सेंट लुइसच्या संशोधकांनी मेंदूच्या बारीक चित्रांवरून दाखवलं की पाय, हात आणि तोंड यांच्या जागांच्या अधूनमधून तीन भाग असे आहेत, जे कुठल्याच एका अवयवाचे नाहीत. ते एकमेकांशी आणि बेत आखणाऱ्या, शरीर सावरून धरणाऱ्या जाळ्याशी जोडलेले आहेत. पाठ्यपुस्तकांत हा नकाशा पट्ट्यावर आडव्या पसरलेल्या माणसाच्या रूपात काढतात. त्या प्रसिद्ध चित्रात, पाय आणि हाताच्या मध्ये, हात आणि तोंडाच्या मध्ये, आता जागा सोडावी लागणार.